आदर्श गाव आखताना कुणाला विचारलं होतं?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

थॉमस मोरचं 'युटोपिया' 1516 साली लॅटिनमध्ये छापून आलं. त्या आदर्श बेटाची हकीकत सांगणारा राफाएल हा पोर्तुगीज प्रवासी आहे, आणि मायदेशी परतताना तो सिलोनवरून कालिकतला येतो, तिथे त्याला पोर्तुगीज जहाजं भेटतात, असं मोरने लिहिलंय. आल्बुकेर्कने गोवा घेऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. आदर्श समाजाची युरोपातली ही सगळ्यात गाजलेली कल्पना आपल्या किनाऱ्याला अशी लागून गेलेली आहे.

पुढे दहा वर्षांनी, 1526 मध्ये, अफोंसु मेशिया या खऱ्याखुऱ्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावकारांचे, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांचे, रीतिरिवाज लिहून काढले. त्या दस्तऐवजाला फोराल म्हणतात. हेतू सरळ होता, गावांनी किती सारा भरायचा ते पक्कं करणं. पण फोरालातून आणि नंतरच्या कोमुनिदादींच्या, म्हणजे गावकारांच्या संस्थांच्या, दप्तरांतून जे चित्र उभं राहतं ते बघताना मोर आठवतोच. जमीन कुणा एकाची नाही, गावाची. शेतं पावणीला, म्हणजे लिलावाला, लागायची. आलेल्या पैशातून सरकारी सारा, देवळाचा खर्च, बांध, तळी, वाटा, गावच्या बलुत्यांचं देणं भागायचं, आणि उरेल ते गावकारांत जोण म्हणून वाटलं जायचं.

मोरच्या बेटावर दिवसाला सहा तास काम, खाजगी मालमत्ता नाही, दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरं बदलायची. त्याच बेटावर गुलामही आहेत, आणि त्यांच्या बेड्या सोन्याच्या आहेत. आपल्या गावकरीत, म्हणजे गावकारांच्या या व्यवस्थेत, जोण मिळायची ती गावकारांच्या पुरुष वारसांना. चिखलात उभं राहून बांध घालणारे कुणबी-गावडे, गावाच्या टोकाला ठेवलेला महार आणि घराघरातल्या बायका यांना त्या बैठकीत आसन नव्हतं. फोराल सांगतो की फार पूर्वी चार माणसं एका ओसाड बेटावर आली आणि त्यांनी ते लागवडीला आणलं. चार माणसांनी बेट उभं केलं यावर शेतात पाय ठेवलेला कुणीही विश्वास ठेवणार नाही. ज्यांनी माती वाहिली ते त्या गोष्टीत आलेच नाहीत.

हे लिहिण्याचं कारण असं की गेली काही वर्षं आपल्याकडे 'आमचं जुनं गाव कसं आदर्श होतं' हा सूर वाढलाय. टेकड्या कापल्या जाताहेत, शेतात भराव पडतोय, त्या दुःखातून तो येतो आणि ते दुःख माझंही आहे. पण आदर्श समाजाचे आराखडे फसतात कुठे, हा प्रश्न मला छळतो. माझं मत असं की ते दुसऱ्याला समजून घेण्याच्या पायरीवर फसतात. आराखडा करणारा सगळ्यांच्या वतीने विचार करतो, आणि 'सगळे' कोण हे त्याने मनात आधीच ठरवलेलं असतं. तुम्हाला काय वाटतं? फक्त पुस्तकातलं नको, आपल्या गावातलंही लिहा.

कुळागर

लेख आवडला, पण आपल्या परंपरेत आदर्श समाजाची कल्पना आराखड्याच्या रूपात नव्हतीच मुळी. ज्ञानेश्वरांनी 'जे खळांची व्यंकटी सांडो' म्हटलं. खळांना गावाबाहेर घालवा असं म्हटलं नाही. पुढे लगेच 'भूतां परस्परें जडो मैत्र जीवाचें'. तिथे दुसरा माणूस शिल्लक राहतो, त्याच्याशी मैत्र जडायचं आहे. मोरच्या बेटापेक्षा मला हे कधीही जवळचं.

मांडवीकाठ

कुळागर, पटतं. पण पसायदान ही प्रार्थना आहे. गावात पाणी कुणाच्या विहिरीचं आणि कुणी भरायचं हे त्यातून ठरत नाही, आणि ते ठरवणारे पसायदान म्हणूनच उठत होते. या दोहोंच्या मधली जागा मला हवी आहे. जोतीराव फुल्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात एक घर रंगवलंय: बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एकमेकांचा द्वेष न करता नांदताहेत. हे पुस्तक ते गेल्यावर 1891 मध्ये निघालं. मला त्यात एक घर दिसतं आणि त्या घरात चार तोंडं बोलताना ऐकू येतात. गोव्यात राहणाऱ्याला तर हे घर अजिबात अवघड वाटू नये.

निळीशाई

समजून घेणं म्हणजे नेमकं काय, यावर गाडामर या जर्मन तत्त्वज्ञाने 1960 च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात जे मांडलं ते इथे कामाचं आहे. पूर्वग्रह पुसून कोऱ्या मनाने कुणीही दुसऱ्याला समजून घेऊ शकत नाही, असं तो म्हणतो. आपण नेहमी आपल्या जागेवरूनच बघतो. आपल्या डोळ्यांना जे क्षितिज दिसतं ते आपल्या इतिहासाने आखलेलं असतं. खरं बोलणं झालं तर ते क्षितिज सरकतं, दुसऱ्याच्या क्षितिजाला भिडतं. अट एकच: समोरच्याचं म्हणणं बरोबर असू शकेल ही शक्यता मनापासून उघडी ठेवायची.

आपल्या न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार आहेत, वाद, जल्प आणि वितंडा. सत्य कळावं म्हणून करतात तो वाद. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त मोडत जायचं ती वितंडा. वाद करणाऱ्याने आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्यालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे आपल्या तोंडाने सांगायचं. आमच्या ग्रामसभेत बोलण्याआधी ही एक अट घातली तर रविवारचे दोन तास सार्थकी लागतील असं मला कळकळीने वाटतं.

बांधावरचा

वरचं सगळं वाचलं. मी शेतकरी आहे, चोडणच्या बाजूचा. तत्त्वज्ञान शिकलेलो नाही, पण समजून घेण्याचा प्रश्न आमच्याकडे मानशीवर दिवसातून दोनदा येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खाजन म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली सखल जमीन. गोव्यात अशी साधारण 18,000 हेक्टर जमीन आहे. बांध चिखल, पेंढा आणि चिऱ्यांचा. त्यात मानस असते, म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याने उघडतात. आतल्या बाजूला पोंय, पाणी साठणारी खोलगट जागा. पावसाळ्यात मिठाची धार गेली की भात. आमच्याकडे कोरगुट पेरतात, ते खारेपण सोसतं.

आता भांडण कुठे आहे ते बघा. मानशीवर जाळं लावून मासे धरण्याचा हक्क पावणीने दिला जातो. घेणाऱ्याने पैसे मोजलेले असतात. त्याला दार जास्त वेळ उघडं हवं, खारं पाणी आत आलं की कोळंबी येते. शेतकऱ्याला दार मिटलेलं हवं, खारं पाणी चढलं की भात जळतं. दोघांचंही म्हणणं खरं आहे. जुन्या काळी यावर कोमुनिदादीची नजर असायची. गावकार शेताचा मालक आणि मानशीच्या पैशाचाही धनी, त्यामुळे दोन्ही पारडी त्याच्याच हातात. मांडवीकाठांनी लिहिलं ते खरंच आहे, कुळाला तिथे तोंड नव्हतं. माझे पणजोबा कुळ होते. बांध फुटला की रात्री-अपरात्री जाऊन चिखल टाकायचा, पण मानशीचे पैसे किती आले ते विचारायचं नाही.

मग 1964 चा कुळकायदा आला, 1976 मध्ये पाचवी दुरुस्ती झाली आणि कसणारा मालक झाला. आमच्या घरात त्या दिवसाचं महत्त्व मुक्तिदिनाइतकं आहे आणि ते कमी करणारं काहीही मी लिहिणार नाही. पण पुढे काय झालं तेही सांगायला हवं. बांधाची जबाबदारी आता कुळांच्या संघांवर आली. गावकारांचा लाभ गेला तसा त्यांचा बांधातला जीवही गेला. कुळांची पुढची पिढी नोकरीला लागली. संघाच्या बैठकीला मोजकी माणसं यायला लागली. मानशीची पावणी मात्र जोरात, कारण पैसा तिथे. काही ठिकाणी मासेवाल्यांनी दारं उघडी ठेवली, कुणी विचारायला नव्हतं. खारं पाणी शिरलं, शेत पडलं, कांदळ उगवली. आज तुम्ही पणजीला जाताना जी हिरवी कांदळवनं बघून खूश होता त्यातली काही आमची भातशेतं आहेत.

न्याय झाला, आणि बांध फुटला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जुनं गाव आदर्श होतं म्हणणाऱ्यांना पहिली ऐकवत नाही, आणि कायद्याने सगळं सुटलं म्हणणाऱ्यांना दुसरी. माझ्या शेतात दोन्ही एकाच बांधावर उभ्या आहेत.

कुळागर

बांधावरचा, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

शिरगावची वाट

समजून घेण्याचं गोव्यातलं उदाहरण म्हणून सात बहिणींची गोष्ट कुणी अजून कशी काढली नाही? शिरगावची लईराई देवी आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण या बहिणी. सायबिणीच्या फेस्ताला हिंदूंची रांग लागते, तेल अर्पण करतात. कुणी कुणाला धर्म समजावून सांगत नाही. तरी नातं आहे. मला वाटतं मोठमोठ्या तत्त्वज्ञांना जे शब्दांत पकडता येत नाही ते इथे आपसूक झालेलं आहे.

दूधसागर

शिरगावची वाट, तुमच्या भावनेचा आदर आहे आणि त्या रांगेत मीही उभा राहिलोय. पण 1986 च्या कोकणी-मराठी भाषा आंदोलनात जी गावं एकमेकांवर उठली त्यांच्यात याच रांगेतली माणसं होती. रस्ते अडवले गेले, माणसं मेली. फेस्त एकत्र केल्याने शेजाऱ्याला कशाची भीती वाटते ते कळत नाही. त्यासाठी बोलावं लागतं, आणि ते आम्ही टाळलं.

माझ्या घरातलं सांगतो. आमचे आजोबा कट्टर विलीनीकरणवादी. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात दोन निशाण्या होत्या: महाराष्ट्रात जायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. आजोबांनी फुलासाठी डिचोलीतले वाडे पायी पिंजून काढले. त्यांच्यासाठी महाराष्ट्र म्हणजे नकाशावरचं राज्य नव्हतं. मराठी शाळा, भाटकारापुढे, म्हणजे जमीनदारापुढे, न वाकलेली मान, फुले-आंबेडकरांचं नाव मोकळेपणी घेता येईल असा मुलूख. ते त्यांचं आदर्श राज्य होतं. निकाल लागला: 1,38,170 विरुद्ध 1,72,191. आजोबांनी ती हार शेवटपर्यंत फसवणूक मानली.

मला मात्र त्यानंतरच्या घटनेने विचारात पाडलं. कौल हरल्यावर थोड्याच आठवड्यांत, मार्च 1967 मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणारा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षच, भाऊसाहेब बांदोडकरच, पुन्हा निवडून आले. लोकांना शाळा हव्या होत्या, कुळाला जमीन हवी होती, बहुजनांचं सरकार हवं होतं. त्यासाठी गोवा पुसून टाकायचा नव्हता. स्वप्नाचा अर्धा भाग त्यांनी घेतला, अर्धा परत केला. हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे सांगितलं तरी दोन्ही गोटांतल्या पुढाऱ्यांनी ते पुढे वीस वर्षं ऐकून घेतलं नाही. मराठीवाल्यांनी कोकणीवाल्याला भाटकाराचा दलाल ठरवलं, कोकणीवाल्यांनी मराठीवाल्याला परका. मी मराठीत लिहितो, मराठीत वाचतो, आमच्या देवळाच्या जत्रेत मराठी नाटक करतो, आणि आईशी कोकणीत बोलतो. माझ्यासारखी हजारो माणसं या दोन्ही चित्रांत कुठेच बसत नाहीत.

वाड्यावरची

निळीशाई यांना विचारते: समोरच्याचं बरोबर असू शकेल असं मानून बोलावं हे ठीक. पण समोरच्याला बोलायची भीती असेल तर?

मी मुंडकाराच्या घरची. 1975 चा मुंडकार कायदा यायच्या आधी आमचं घर भाटकाराच्या भाटात होतं. घर आम्ही बांधलेलं, जमीन त्यांची. छप्पर शाकारायचं तर विचारून. त्यांच्या घरी लग्न असलं की आमच्या बायका कांडायला-दळायला, विचारणा नाही. माझी आजी सांगायची, भाटकारीण फार प्रेमळ होती, सगळं विचारून करायची. 'विहीर तिकडे खणली तर चालेल ना गो?' आजी म्हणायची, 'चालेल.' दुसरं काय म्हणणार होती? रागावली तर घर जाणार. त्या दोघींमध्ये भांडण कधी झालं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल केवढा हा सलोखा.

कायदा झाल्यावर आजीने पहिल्यांदा 'नाही' म्हटलं. एका वाटेवरून म्हटलं, छोटीशी गोष्ट होती. भाटकारणीला ते फार लागलं, तिचं प्रेमही खोटं नव्हतं. पण माझ्या मते त्या दोघींचं खरं बोलणं त्या दिवशी सुरू झालं. आमच्याकडे त्या कायद्याला घराचा कायदा म्हणतात. मी त्याला बोलण्याचा कायदा म्हणते.

निळीशाई

वाड्यावरची ताई, तुम्ही जे लिहिलंत तोच हाबरमास या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाचा गाडामरवरचा आक्षेप होता. 1967 पासून पुढे त्या दोघांत हा वाद लेखांतून चालला. हाबरमासचं म्हणणं, संवादातच सत्ता मुरलेली असते. दबलेला माणूस 'हो' म्हणतो आणि त्या 'हो'ला आपण एकमत समजतो. म्हणून त्याने कसोटी ठेवली: ज्याला बोलायचं त्याला बोलता यावं, हवा तो प्रश्न विचारता यावा, दडपण नसावं. अशी बैठक प्रत्यक्षात कुठेही पूर्णपणे भरत नाही हे तोही जाणतो. पण दोन माणसं मनापासून बोलायला बसतात तेव्हा ती कसोटी त्यांनी न सांगता गृहीत धरलेली असते.

म्हणजे तुमच्या आजीचा 1975 आधीचा 'चालेल' आणि नंतरचा 'नाही' यांच्यामध्ये या दोन तत्त्वज्ञांचा सगळा वाद आहे. दोघेही मला लागतात. हाबरमास नसेल तर सलोख्याच्या नावाखाली दबाव खपतो. गाडामर नसेल तर हक्क मिळाल्यावर लोक बोलायचं सोडून फक्त हक्क वाजवतात. आणि मग बांधावरचा सांगतात तसा बांध फुटतो.

मांडवीकाठ

इथपर्यंत आल्यावर प्रादेशिक आराखड्याबद्दल बोलायलाच हवं. कुठली जमीन कशाला वापरायची हे ठरवणारा तो आपल्या काळातला गोव्याचा 'आदर्श' कागद. 2011 सालापर्यंतचा आराखडा वरून आला, लोक रस्त्यावर उतरले आणि जानेवारी 2007 मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग 2021 सालापर्यंतचा आराखडा करताना चार्ल्स कोरिया यांच्यासारखा वास्तुविशारद असलेलं कृतिदल नेमलं आणि मसुदे गावागावांत पाठवले. आमच्या गावात सर्व्हेचे नकाशे शाळेच्या बाकांवर पसरले होते. म्हातारी माणसं बोट ठेवून सांगत होती: इथे झर आहे, इथे गुरं चरतात, हे मिठागर होतं, ही देवाची राई. एका बाईंनी सांगितलेली पाणवाट नकाशात नव्हतीच, ती पेन्सिलीने काढली. काढणारा मुलगा तिचा नातू नव्हता, दुसऱ्या वाड्यावरचा, दुसऱ्या पक्षाचा. माझ्या हयातीत समजून घेण्याच्या इतक्या जवळ जाणारी सरकारी प्रक्रिया मी दुसरी पाहिली नाही.

तो आराखडा 2012 मध्ये स्थगित झाला. त्यानंतर भूखंडागणिक झोन बदलून देण्याच्या वाटा कायद्यात निघत गेल्या. नुकसान कुठे झालं हे सांगताना आपण चौरस मीटर मोजतो. मला त्याहून मोठं नुकसान हे वाटतं की ज्यांनी बोटं ठेवून सांगितलं त्यांना कळलं, सांगून काही होत नाही. पुढच्या वेळी ती माणसं त्या बाकांभोवती जमणार नाहीत.

दूधसागर

आणि जमली तरी कोण जमणार? आज आमच्या शेतात लावणीला कर्नाटकातली माणसं येतात, बांधकामावर ओडिशा आणि झारखंडची. पंचायत कायद्याने ग्रामसभेचा सदस्य तोच ज्याचं नाव त्या गावच्या मतदारयादीत आहे. वर्षानुवर्षं भाड्याच्या खोलीत राहणारा, गावचं गटार उपसणारा माणूस तिथे उभा राहून बोलू शकत नाही. चार गावकार आणि मोजणीत न आलेले माती वाहणारे, असं धाग्याच्या सुरुवातीला आहे. आज ते माती वाहणारे कोण आहेत हे आपण आपल्याला विचारतोय का?

शिरगावची वाट

इथे मी अडखळते. दार उघडलं की आधी दिल्ली-मुंबईचे बंगलेवाले आत येतील. त्यांच्यामुळे माझ्या भावाला स्वतःच्या गावात जमीन परवडत नाही. गाव राखायचा तर कुठेतरी रेघ मारावीच लागेल. ही भीती खोटी नाही, कृपया तिला संकुचितपणा म्हणू नका.

वाड्यावरची

ताई, भीती खरी आहे, मलाही वाटते. पण बंगलेवाल्याला ग्रामसभा लागतच नाही. त्याचं काम वकील आणि दलाल करून देतात. रेघ मारली की अडतो तो खोलीत राहणारा. आणि त्याला आपण विचारतो कसं? 'पाणी येतं ना रे?' तो म्हणतो, 'येतं.' माझ्या आजीचं 'चालेल' मला त्यात ऐकू येतं. जमिनीचा निर्णय त्याच्या हाती द्या असं मी म्हणत नाही. त्याला न घाबरता 'येत नाही' म्हणता यावं, एवढं तरी.

बांधावरचा

यावर एक करता येण्यासारखं सुचतंय. आमच्या संघाची पावसाआधीची बैठक जवळ आली आहे. बांध दुरुस्तीला गेली काही वर्षं गदगकडची एक टोळी येते. खेकड्यांनी बांध कुठे पोखरलाय, चिखल कुठला धरतो आणि कुठला वाहून जातो, हे आज संघाच्या सदस्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. त्यांना बैठकीला बोलवायचं असा विषय मी मांडणार आहे. मताचा हक्क देता येणार नाही, नियमात बसत नाही. पण बांधाचं त्यांचं म्हणणं आधी ऐकायचं, इतिवृत्तात त्यांच्या नावानिशी घालायचं, आणि मजुरीचा दर त्यांच्यासमोर ठरवायचा. मानस घेणाऱ्यालाही त्याच बैठकीत बसवतो. विरोध होईल, माहीत आहे.

अडचण भाषेची. मुकादम कोकणी बोलतो, पण बाकीच्यांचं म्हणणं तो त्याच्या सोयीने सांगतो असा मला संशय आहे. कन्नड नीट समजणारं, कुठल्याच बाजूचं नसलेलं कुणी एक रविवार येऊ शकेल का?

वाड्यावरची

वास्कोत कन्नड शिकवणाऱ्या एक बाई ओळखीच्या आहेत. आज संध्याकाळी फोन करते. बैठकीची तारीख आणि फेरी कुठून घ्यायची ते व्यनि करा, मीही त्यांच्यासोबत येईन.